ल्युकेमियाचे ‘नवे’ जनुक : शोध आणि उपचार यांमधील अंतर

‘रक्ताच्या कर्करोगास कारणीभूत असलेले नवे जनुक सापडले’ अशा आशयाची बातमी अधूनमधून येते. ज्या घरात ल्युकेमियाचा रुग्ण आहे, तेथे ती आशेने वाचली जाते. मात्र रुग्णाच्या पेशीत बिघडलेले जनुक आढळणे आणि कर्करोग त्या बिघाडानेच घडविला असे सिद्ध होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली टिमोथी ले यांच्या पथकाने तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या पन्नाशीतील एका महिलेच्या कर्करोगग्रस्त पेशींचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला आणि तिच्याच त्वचेच्या पेशींशी ताडून पाहिला. कर्करोगाच्या बाबतीत असे वाचन प्रथमच होत होते. १० जनुकांत बदल आढळले. दोन आधीच ठाऊक होते, आठ नवे. हे आठ बदल अन्य १८७ रुग्णांच्या नमुन्यांत शोधले, तेव्हा त्यांपैकी एकही सापडला नाही. पुढे अधिक प्रगत तंत्राने त्याच महिलेच्या नमुन्याचे पुन्हा वाचन झाले आणि पहिल्या खेपेस निसटलेला ‘डीएनएमटी३ए’ या जनुकातील बिघाड हाती लागला. तो २८१ पैकी ६२ रुग्णांत, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांत आढळल्याचे २०१० साली जाहीर झाले. गाडीत प्रवासी पुष्कळ असतात, चालक मोजकेच. पहिल्या वाचनात हा चालकच नजरेतून सुटला होता.

चालक सापडला तरी काम संपत नाही. सत्तरी ओलांडलेल्या दहापैकी किमान एका व्यक्तीच्या रक्तपेशींत असे बदल असतात आणि त्यांत ‘डीएनएमटी३ए’चा वाटा सर्वांत मोठा असतो, असे २०१४ मधील अभ्यासांतून दिसले. यांतील बहुसंख्य वृद्धांना ल्युकेमिया कधीच होत नाही. निरोगी माणसाला जनुकीय चाचणीचे पॅकेज विकणाऱ्यांनी हेही जाहिरातीत छापावे.

शोधापासून औषधापर्यंतची वाट तर त्याहून लांब. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाशी निगडित ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ १९६० साली दिसले. त्यातून घडणाऱ्या सदोष प्रथिनाला रोखणाऱ्या इमॅटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००१ मध्ये. भारतात या औषधाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि स्वस्त जेनेरिक गोळीचा मार्ग मोकळा राहिला.

गोळी आवाक्यात आली, तरी ती लागू पडते आहे की नाही हे कळण्यासाठी सुरुवातीच्या काळात साधारण दर तीन महिन्यांनी रक्तातील सदोष जनुकाचे प्रमाण मोजावे लागते. ही चाचणी चुकली, तर औषध निष्प्रभ होऊ लागल्याचे उशिरा कळते. म्हणून राज्याच्या आरोग्य योजनेत औषधाबरोबर या वारंवारच्या चाचण्यांचा खर्च कितपत धरला जातो, हे आरोग्य खात्याने स्पष्ट करायला हवे.