नकाशातलं मैदान

ग्वाल्हेरचं लष्कर म्हणजे मुळात छावणीच. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला आणि हळूहळू राहुट्यांच्या जागी वाडे नि पेठा आल्या. त्या दाट वस्तीच्या मधोमध आजही महाराज बाडा आहे. भोवती टाऊन हॉल, टपाल कचेरी, बाजार आणि मध्ये जयाजीरावांचा पुतळा. मोकळी जागा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असली, की ती सगळ्यांची राहते.

आपल्याकडचे नवे लेआऊट पाहा. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार, ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेत १० टक्के मोकळी सोडावी लागते. पण ते १० टक्के नेमके कुठे, हे आपण विचारतो का? ओढ्याकाठचा अडचणीचा कोपरा दिला, तर तिथे मुलांच्या आधी कचरा पोचतो.

कन्नडमध्ये मोकळ्या मैदानाला 'बयलु' म्हणतात, आणि त्यावरूनच बयलाट. बयलुच उरला नाही, तर आट कुठे मांडणार?

तेव्हा प्लॉट घेताना मंजूर नकाशा मागा. मैदानावर बोट ठेवा आणि विचारा, "हे घरांच्या समोर आहे, की मागे?"