नक्षी एक, माती निराळी

सुटीतील बंगल्यासाठी लोणावळ्याच्या बाजारपेठेत डिनर सेटची जोड शोधणारे कुटुंब प्रथम नक्षीवर बोट ठेवते. निळ्या फुलांची वेल, काठाला बारीक सोनेरी रेघ, मध्यभाग कोरा. सहापैकी दोन ताटल्या फुटलेल्या असतात आणि त्यांची जागा भरायची असते. परंतु ही वेल बहुधा ‘डेकल’ नावाच्या छापील पातळ पापुद्र्याने चिकटवून भट्टीत पक्की केलेली असते. पोर्सिलेन, ओपल काच वा बोन चायना, सर्वांवर ती सारखीच उमटते. श्रावकाच्या घरी हा फरक केवळ हौसेचा नव्हे.

बोन चायनातील ‘बोन’ म्हणजे हाडच. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील स्टोक येथे स्पोड यांच्या कारखान्यात ही कृती स्थिरावली. पारंपरिक मिश्रणात सुमारे 50 टक्के गुरांच्या हाडांची राख असते. उरलेला भाग केओलिन माती व विशिष्ट दगडाची भुकटी. भाजल्यावर हाडातील सेंद्रिय अंश जळून जातो, मग दोष कसला, असे काही जण म्हणतात. रसायनापुरते ते खरे आहे. मात्र कृत, कारित आणि अनुमोदित हिंसेचा विचार करणाऱ्याला राख कोठून आली हे विचारावेच लागते.

ओळखण्यास सर्वांत सोपी ओपल काच. ताटली उलटी करावी. चिनी मातीच्या भांड्याला बुडाशी बहुधा झिलई नसलेली खरखरीत कडा असते. ओपल सर्वत्र गुळगुळीत असते, कारण ती मुळात काचच. (मावळाला काच नवी नाही: तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना 1908 मध्ये उभा राहिला.) जुन्या दुधी काचेत मात्र कधीकधी हाडांची राख घालीत, म्हणून वाडवडिलांच्या कपाटातील संचाबद्दल घाई करू नये.

पोर्सिलेन आणि बोन चायना यांत डोळा फसतो. पहिल्याची पांढरी छटा किंचित निळसर व थंड, दुसऱ्याची सायीसारखी उबदार, असे सांगतात. उजेडासमोर धरल्यास मागची बोटे दिसतात, असेही. पण पातळ पोर्सिलेनमधूनही बोटे दिसतात आणि टिचकी मारल्यावर दोन्ही खणखणतात. भरवसा बुडाच्या शिक्क्यावर. बोन चायना महाग विकले जात असल्याने निर्माता ते नाव सहसा लपवीत नाही. ‘न्यू बोन चायना’ या शिक्क्यापाशी थांबावे: त्यात बहुधा हाडांची राख नसते, परंतु केवळ त्या नावावरून तशी खात्री मिळत नाही. खोक्यावर ‘हाडांची राख नाही’ असे स्पष्ट छापलेले असेल तरच घ्यावे.

जेवणास स्टीलची ताटे असणाऱ्या घरांतही पाहुण्यांच्या चहाची कपबशी तपासायची राहून जाते, आणि बोन चायना घरात येते ते बहुधा तिच्याच रूपाने, लग्नातील भेट म्हणून.