सोयरीक, श्रद्धा आणि मौन

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपल्या ख्रिस्ती घरांत कॅन्सरचे नाव आजही उघडपणे घेतले जात नाही. ‘मोठा आजार’ म्हणून विषय संपवला जातो. मृताच्या आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा होते. परंतु ती माउली कोणत्या कॅन्सरने आणि कितव्या वर्षी गेली, हे तिच्या लेकींनाही नीट सांगितले जात नाही. घरात लग्नाची मुलगी असली तर विचारायलाच नको! या मौनाला आपण मर्यादा म्हणतो, कधी श्रद्धाही म्हणतो. वस्तुतः तो त्या लेकींवरील अन्याय आहे.

१९९४ व १९९५ साली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके शास्त्रज्ञांना सापडली. त्यांत घातक दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याचा संभव ६० ते ७० टक्क्यांच्या घरात जातो. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही पुष्कळ वाढतो. हा दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. तेव्हा केवळ आईच्या माहेराकडे बोट दाखवणे हे निव्वळ अज्ञान होय. धोका वेळीच कळला तर नियमित तपासण्या करता येतात, प्रतिबंधक शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. न कळला तर यांतले काहीच करता येत नाही.

‘देवाच्या इच्छेपुढे कोणाचे चालते?’ असे विचारणाऱ्यांनी बेन सिराकच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय वाचावा. वैद्य आणि औषध ही परमेश्वराचीच देणगी असल्याचे तेथे सांगितले आहे. आरोग्याची वाजवी काळजी घेणे हे कर्तव्य आहे, अशी ख्रिस्तसभेचीही शिकवण आहे. मग तपासणीतच अश्रद्धा कोठून आली?

खरी भीती सोयरिकीची आहे. येथे आपला विरोधाभास पाहा. सख्ख्या चुलत-मामे भावंडांचा विवाह ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार सूट मिळाल्यावाचून वैध ठरत नाही. म्हणून विवाहापूर्वी नात्यागोत्याची चौकशी आपण निमूटपणे स्वीकारतो. तीच आजी कशाने गेली, हे विचारले की मात्र घराण्याची अब्रू जाते! उल्हासनगरच्या आपल्या सिंधी शेजाऱ्यांकडे पाहा. त्यांच्या समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आहे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो रोग होण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते. हे ओळखून सिंधी समाजातील कार्यकर्त्यांनी लग्नापूर्वी रक्ततपासणीचा आग्रह धरला. त्यांना साधले ते आपल्याला का साधू नये?

ही तपासणी सरसकट सर्वांसाठी नाही. घरात तरुण वयात किंवा अनेकांना कॅन्सर झाला असेल तरच ती प्रस्तुत ठरते, आणि तीही तज्ज्ञाच्या समुपदेशनानंतर. जगातील जनुकांचा माहितीसाठा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा असल्याने आपल्याकडील अहवालांत ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा अधिक वेळा येतो. अमेरिकेने २००८ साली आनुवंशिक माहितीवरून नोकरीत व आरोग्यविम्यात होणारा भेदभाव रोखणारा कायदा केला. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून अहवाल कोणाला दाखवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु गोपनीयता वेगळी आणि स्वतःच्या बहिणीपासून, लेकीपासून सत्य लपवणे वेगळे.

मागणी फार मोठी नाही. विवाहपूर्व शिबिरांत या विषयाला एक तास द्यावा. प्रत्येक घराने आईकडच्या आणि वडिलांकडच्या आजारांची, वयासकट, नोंदवही ठेवावी. टाटा स्मारक केंद्रात आनुवंशिक कॅन्सरविषयी सल्ला मिळतो, हे धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर लिहावे. ४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन; दुसऱ्याच दिवशी, ५ तारखेला, संत अगाथा हिचा सण असतो. छळात जिचे स्तन कापले गेले अशी परंपरा सांगते, त्या हुतात्मा कुमारिकेकडे स्तनाच्या आजारांतील रुग्ण मध्यस्थी मागतात. त्या दिवशीच्या प्रवचनात ‘कॅन्सर’ हा शब्द वेदीवरून स्पष्टपणे उच्चारला जावा. मग घरातही तो उच्चारायला कोणाला लाज वाटणार नाही.