मैत्रिणीचं लग्न आणि एक छोटी लेन्स

पुढच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीचं लग्न आहे. तिच्या मुलीचं नव्हे, तिचंच. नऊ वर्षं एकटीनं संसार ओढल्यावर तिनं हा निर्णय घेतलाय आणि तिच्या मुलीनंच त्यात पुढाकार घेतलाय. सकाळी नोंदणी, मग भावाच्या घरी पंचवीस-तीस माणसांत अक्षता. जेवणं अर्थातच सूर्यास्ताच्या आत.

ती मला म्हणाली, "फोटोवाले नकोत गं. लोक आधीच टक लावून बघणार आहेत, त्यात ते दिवे कशाला? तूच काढ."

मी हो म्हटलं खरं, पण रात्री झोप आली नाही. कारण सांगते. काही वर्षांपूर्वी जाऊबाईंच्या मुलीच्या साखरपुड्यात भाच्याची ५० एमएमची लेन्स घेऊन मी मिरवले होते. ती एफ १.८ वर पूर्ण उघडी ठेवली. मागचं सगळं कसं छान धूसर होतंय, याचंच कौतुक. सहा-सात फुटांवरून असं केलं की जेमतेम चार-पाच बोटं खोलीचा भागच स्पष्ट येतो, हे मला कुठे ठाऊक होतं? नवरी स्पष्ट आली. एक पाऊल मागे उभ्या असलेल्या आमच्या सासूबाई धूसर आल्या. तो त्यांचा शेवटचा फोटो. कुणी मला बोललं नाही, पण तो अल्बम मी अजून नीट उघडून बघितलेला नाही.

म्हणून या वेळी आधी हिशोब मांडला. कॉमर्सवाल्या बाईला तेवढंच येतं!

माझा कॅमेरा मुलानं मागे ठेवून गेलेला, साधा निकॉन. त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची झूम लेन्स दिवसा उत्तम. पण ३५ एमएमवर ती साधारण एफ ४.५पर्यंतच उघडते. हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. एफ १.८ची प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली, तिथे सहा पटींहून थोडा जास्तच प्रकाश आत घेते. बंद खोलीत, फ्लॅश न मारता फोटो काढायचे तर हा फरक फार मोठा. आणि अशी साधी प्राइम नवी घेतली तरी तुलनेनं स्वस्तच. एफ २.८च्या मोठ्या झूमला याच्या कित्येक पट पैसे पडतात, वर तिचं वजन मानेला.

आता प्रश्न, कुठली? जो तो सांगतो, ५० घ्या. माझं मत वेगळं आहे. आपल्यासारख्यांच्या कॅमेऱ्यातला सेन्सर लहान असतो, त्यामुळे ५०ची लेन्स ७५सारखी वागते. दहा फुटांवर उभं राहिलं तर आडव्या फोटोत पावणेपाच फूट रुंदी मावते. नवरा-नवरी आले की संपलं. भाऊ, मुलगी, हार घेऊन उभी असलेली वहिनी, सगळ्या बाहेर. ३५मध्ये त्याच जागेवरून साडेसहा फुटांच्या वर मावतात. मैत्रिणीच्या भावाचा दिवाणखाना पंधरा फूट लांब, मागे सरकणार तरी किती? म्हणून घरातल्या लग्नाला ३५. कार्यालय मोठं असेल आणि लांबून चेहरे टिपायचे असतील तर ५० खुशाल घ्या.

माझं ऐकूनही लगेच पैसे काढू नका. जुनी झूम लेन्स ३५वर ठेवा आणि एक दिवस तिला हात न लावता घरात फोटो काढा. दुसऱ्या दिवशी ५०वर. मी यांना नवरदेव म्हणून कपाटासमोर उभं केलं होतं. एक पैसा न खर्चता उत्तर मिळालं.

जुनी लेन्स स्वस्तात मिळाली तर अजून एक जपा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यावर जुनी ५० एमएम एफ १.८डी लावली तर फोकस हातानंच करावा लागतो. वरमाला गळ्यात पडताना ते आपल्याला जमायचं नाही. ३५ एमएम एफ १.८जी डीएक्समध्ये मोटर लेन्सच्या आतच आहे. मी तीच घेतली, एका हाताची जुनी, स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून बघून.

आणि सासूबाईंच्या फोटोनं शिकवलेलं आता विसरणार नाही. एकटीचा चेहरा असेल तर एफ २. दोघं असतील तर २.८, आणि दोघांना एका रेषेत उभं करायचं. तरीही जुन्या लेन्सपेक्षा अडीच पट प्रकाश मिळतोच. सगळ्या घरचा एकत्र फोटो मात्र अंगणात, दुपारच्या उजेडात, जुन्या झूमनं, एफ ८वर. मागच्या रांगेतली म्हातारी माणसं आधी तपासायची.

कुणी म्हणेल, एवढ्याशा लग्नाला एवढा विचार कशाला? मला उलटं वाटतं. मोठ्या लग्नात पाचशे फोन असतात, एखादा फोटो तरी बरा येतोच. इथे मी एकटीच आहे. शिवाय या लेन्सला झूम नाही, जवळचा फोटो हवा तर मलाच जवळ जावं लागणार. त्या दिवशी तिच्याकडे लांबून बघणारे पुष्कळ असतील. तिच्या दोन हातांवर कुणीतरी असायला हवं.