२४० हर्ट्झचं करायचं काय?

सेल लागला की कॉलेजच्या गेमिंग ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. 'भावांनो, मॉनिटर घ्यायचाय. बजेट सतरा-अठरा हजार. कोणता घेऊ?' पाच मिनिटांत उत्तरांचा पाऊस. आणि सगळ्या उत्तरांत एकच आकडा नाचत असतो. १४४ नको, १८० घे. १८० कशाला, थोडे पैसे टाक आणि २४०च घे. विचारणाऱ्याकडे ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे, तो खेळतो काय, त्याच स्क्रीनवर आणखी काय काय करणार आहे, हे मात्र कुणीच विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. १४४ हर्ट्झपर्यंतचे पैसे बिनधास्त द्या. त्यापुढे खिशात जे उरेल, ते हर्ट्झवर नाही, चित्रावर घाला.

रिफ्रेश रेट म्हणजे काय, हे तुम्हाला फोनमुळे माहीत आहेच. ६० हर्ट्झचा फोन सोडून १२०वाला हातात घेतला की स्क्रोल एकदम मऊसूत वाटतं, नंतर जुना फोन बघवत नाही. स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवते, तेवढे हर्ट्झ. ६०ला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ला दर ६.९, २४०ला दर ४.२ आणि ३६०ला दर २.८ मिलिसेकंदांनी.

आता हेच आकडे लोकलच्या वेळापत्रकात बसवून बघा. दर सतरा मिनिटांनी येणारी गाडी दर सात मिनिटांनी यायला लागली, तर तुमची अख्खी सकाळ बदलेल. सातची चार झाली तर बरं वाटेल. चारची तीन झाली तर कळणारही नाही, कारण तोवर तुम्ही जिनाच उतरत असाल. दुकानातले आकडे सरळ वर चढत जातात, ६०, १४४, २४०, ३६०. फायदा मात्र घसरत जातो. पहिल्या उडीत जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, दुसऱ्या उडीत पावणेतीन, तिसऱ्या उडीत दीडसुद्धा नाही. हॉस्टेलच्या वायफायवर पिंग ४० वरून १२०वर उडतो, त्या वेळी हे पावणेतीन मिलिसेकंद कुठे शोधायचे? पिंग आणि रिफ्रेश रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण हरल्यावर दोष मॉनिटरला देणारे आपणच असतो ना?

दुसरी गोष्ट ग्रुपवर कुणी बोलत नाही. मॉनिटर फ्रेम बनवत नाही, फक्त दाखवतो. बनवायचं काम कार्डाचं आणि प्रोसेसरचं. व्हॅलोरंट मुद्दामच हलका बनवलाय, बऱ्यापैकी साध्या पीसीवरही तो दोनशेच्या आसपास फ्रेम्स देतो. पण रेड डेड रिडेम्प्शन २ किंवा सायबरपंक २०७७ लावा. आपल्यातल्या बहुतेकांकडे असतं तसं आरटीएक्स ३०५० किंवा त्याच्या आसपासचं कार्ड असेल तर सेकंदाला साठ-सत्तर फ्रेम्स आल्या तरी आपण खूश. मग २४० हर्ट्झचं पॅनेल बिचारं काय करणार? स्पीडोमीटर दोनशेपर्यंतचा आणि बाइक हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, असला प्रकार. अशा वेळी उपयोगी पडतं ते फ्रीसिंक किंवा जी-सिंक. कार्ड जेवढ्या फ्रेम्स देतंय त्यानुसार स्क्रीन आपला वेग जुळवून घेते आणि चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसत नाही. ही सोय १४४वाल्या मॉनिटरमध्येही असते.

'पण प्रो लोक तर २४०, ३६० वापरतात!' वापरतात. मग त्यांच्या बाकीच्या सेटिंग्जही बघा की. काउंटर-स्ट्राइकचे कित्येक मोठे खेळाडू १२८० बाय ९६० असं जुनाट रिझोल्यूशन स्क्रीनभर ताणून खेळतात. ग्राफिक्स शक्य तेवढे खाली. समोर २४-२५ इंची टीएन पॅनेल, ज्याचे रंग बघून तुमच्या फोटोग्राफी क्लबवाल्या मित्राला भोवळ येईल. सुंदर चित्र त्यांनी जाणूनबुजून सोडून दिलंय, कारण ते त्यांचं काम आहे. शर्यतीतला धावपटू स्पाइक्स घालतो म्हणून आपण स्पाइक्स घालून लेक्चरला जात नाही. ई-स्पोर्ट्सला कमी लेखायचं म्हणून हे म्हणत नाहीये. २०२३मध्ये हांगझोऊला झालेल्या एशियन गेम्समध्ये त्याला पदकं होती. पण पदकासाठी खेळणारा आणि रात्री जेवून मित्रांबरोबर दोन मॅच टाकणारा, या दोघांची खरेदीची यादी एक कशी असेल?

आणि तो मॉनिटर दिवसभर काय करतो, हेही बघा. घरी 'अभ्यासासाठी हवाय' असं सांगून पैसे घेतलेत (घेतलेतच, माहितीये). आणि खरंच त्यावर अभ्यास होतो. पीडीएफ, कोड, प्रोजेक्ट रिपोर्ट, फेस्टच्या व्हिडिओचं एडिटिंग, रात्री सिरीज. गेम दोन तास, बाकीचं सहा तास. त्या सहा तासांत २४० हर्ट्झ तुम्हाला काय देतं? कर्सर जरा छान पळतो. बस.

चित्र मात्र आठही तास समोर असतं. आज साधारण एकाच बजेटमध्ये दोन प्रकारचे मॉनिटर मिळतात. एक २४ इंची फुल एचडी, २४० हर्ट्झ. दुसरा २७ इंची, २५६० बाय १४४० रिझोल्यूशनचा आयपीएस, १६५ किंवा १८० हर्ट्झ. दुसऱ्यात पिक्सेल पहिल्याच्या पावणेदोन पट. इंचामागे १०९ पिक्सेल येतात, पहिल्यात ९२. अक्षरांच्या कडा धारदार दिसतात, दोन विंडो शेजारीशेजारी सुखाने मावतात. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'मधलं वाऱ्यावर हलणारं गवत तर बघत बसावं असं. इतक्या कलाकारांनी इतकी वर्षं घालवून ते रंगवलंय, ते आपण धुरकट पॅनेलवर बघायचं? माझा कल अर्थातच दुसऱ्याकडे. मात्र पिक्सेल वाढले की कार्डावरचं ओझंही वाढतं. कार्ड अगदीच साधं असेल तर २४ इंची फुल एचडी आयपीएस १४४ घ्या आणि उरलेले पैसे बाजूला ठेवा. २७ इंची फुल एचडी मात्र घेऊ नका. इंचामागे ८२ पिक्सेल पडतात आणि अक्षरं टोचतात.

पॅनेलच्या जाती ओळखायला शिका. टीएन वेगवान, पण जरा बाजूला सरकलात की रंग पालटतात. व्हीएमध्ये काळा खरोखर काळा दिसतो, पण स्वस्तातल्या व्हीएवर अंधाऱ्या सीनमध्ये काही हललं की मागे काळपट फराटे उमटतात. हॉरर गेम खेळणाऱ्यांनी सांभाळून. आयपीएसचे रंग चांगले आणि कुठूनही सारखे दिसतात, पण काळा थोडा राखाडी आणि अंधारात कोपरे चमकतात. ओलेड म्हणजे राजा, रंगातही आणि वेगातही. त्याची किंमत बघून टॅब बंद करावा लागतो, शिवाय दिवसभर एकाच जागी असलेल्या टास्कबारची छाप पडद्यावर कायमची राहण्याचा धोका.

आणि खोक्यावरच्या स्टिकरना भुलू नका. '१ एमएस' हा आकडा बहुतेक वेळा अशा टोकाच्या सेटिंगवर मोजलेला असतो, की ती लावली तर चित्राला उलट्या रंगाच्या कडा दिसायला लागतात, नाहीतर स्क्रीनच अंधारते. 'एचडीआर ४००' म्हणजे एवढंच की स्क्रीन ४०० निट्सपर्यंत उजळते. खऱ्या एचडीआरला पडद्याचा एक भाग उजळ आणि शेजारचा अंधारा ठेवता यावा लागतो, आणि या स्टिकरसाठी ती अट नाही.

आता ज्यांना हे सगळं वाचून राग आलाय, त्यांच्यासाठी. तुम्ही खरंच रोज चार-पाच तास रँक्ड खेळता, कॉलेजच्या टीममध्ये आहात, टूर्नामेंटला जाता, कार्ड दोनशेच्या वर फ्रेम्स सहज देतंय, मग २४० घ्या. जास्त हर्ट्झवर हलती गोष्ट कमी पुसट दिसते, हे खरं आहे, आणि कोपऱ्यातून पळत जाणाऱ्यावर नेम धरताना ते कामी येतं. फक्त टीएनऐवजी आयपीएसमधला २४० शोधा. उलट्या टोकाची चूकही करू नका. 'चित्र महत्त्वाचं' म्हणून कुणी ६० हर्ट्झचा फोरके घेऊन येईल. ८३ लाख पिक्सेल ढकलता ढकलता तुमचं कार्ड धापा टाकेल आणि माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटेल.

घाई करायची गरज नाही. कार्ड दोन-तीन वर्षांत बदलेल, रॅम वाढेल, मॉनिटर मात्र पहिल्या नोकरीच्या फ्लॅटपर्यंत तुमच्याबरोबर येईल. ऑनलाइनच घेणार असलात तरी एकदा लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन प्रत्यक्ष बघा. दुकानदार भडक फुलं आणि पोपटांचा व्हिडिओ लावून ठेवतो, त्यात सगळेच मॉनिटर छान दिसतात. आपला पेन ड्राइव्ह न्या, त्यात एक अंधारा सीन आणि एक बारीक अक्षरांची पीडीएफ टाका. बाजूला उभं राहून बघा, वाकून बघा.

घरी आणल्यावर केबल तपासा. काही मॉनिटरमध्ये एचडीएमआयवर पूर्ण हर्ट्झ मिळत नाहीत, डिस्प्लेपोर्ट लावावं लागतं. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले आणि तिथून अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. १४४चा मॉनिटर घेऊन महिनोन्महिने ६०वर चालवणारे कमी नाहीत. ज्यांच्याकडे असा मॉनिटर आधीच आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर तेवढं एकदा बघून घ्या. बदलायला पैसे पडत नाहीत.