माणूस वाचण्याची विद्या

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी १८६१ सालीं पुस्तकरूपानें निघाली. कित्येक वाचक तिला पोरक्या पिपच्या भाग्योदयाची कथा समजतात. आम्हांस ती दृष्टिदोषाची कथा वाटते.

मोठ्या वाड्यांतील एस्टेला आपल्या खरखरीत हातांस हसली, त्या दिवसापासून पिपला आपल्या लोहारघराची लाज वाटूं लागते. पुढें अज्ञात दात्याच्या पैशावर तो लंडनला ‘सभ्य गृहस्थ’ होतो. ज्यानें त्याला वाढविलें, तो ज्यो लोहार तेथें भेटीस येतो, तेव्हां पिपला त्याच्या टोपीची धांदल तेवढी दिसते. ज्योला मात्र पिपच्या मनांतील लाज कळते. तो न रागावतां परततो. जेमतेम अक्षरओळख असलेल्या लोहारास माणूस वाचतां येतो, सुशिक्षित पिपला येत नाहीं !

तो दाता अखेरीस हद्दपार कैदी मॅग्विच ठरतो. आणि आजारी पिपची शुश्रूषा करून त्याचें कर्ज फेडतो, तो ज्योच.

शिक्षणानें राहणी सुधारावी, हें योग्यच. परंतु विद्यार्थिमित्रहो, इंग्रजी येऊं लागल्यावर बापाच्या हातावरील घट्टे ज्यास अधिक आदरणीय वाटतील, त्यानेंच हें पुस्तक खरें वाचलें, असें आम्ही म्हणूं.