कुलूपबंद घराचा वारस कोण?

जपानमध्ये जुनी रिकामी घरे कवडीमोलाने मिळतात, या वार्तेची चर्चा अलीकडे मराठी मध्यमवर्गातही रंगू लागली आहे. २०२३ च्या पाहणीत त्या देशात अशी सुमारे ९० लाख घरे आढळली. एकूण घरांच्या हे प्रमाण १३.८ टक्के आहे. परकीय नागरिकालाही तेथे घर घेता येते. मात्र घराबरोबर निवासाचा परवाना मिळत नाही, हे उत्साहाच्या भरात विसरले जाते. १९८१ पूर्वीच्या घरांना भूकंपविषयक सुधारित निकषही लागू नव्हते. पण खरी अडचण वेगळीच आहे. अनेक घरांच्या दप्तरी मृत आजोबा-पणजोबांचेच नाव असते आणि वारस देशभर विखुरलेले असतात. अखेर १ एप्रिल २०२४ पासून जपानने वारसनोंद तीन वर्षांत करणे बंधनकारक केले व कसूर करणाऱ्यास एक लाख येनपर्यंत दंड ठेवला.

ही कथा नंदुरबार जिल्ह्यातील वाचकास परकी वाटू नये. शहाद्यालगतचे लोणखेडा शिक्षणसंस्थांमुळे शहराशी जवळजवळ एकजीव झाले आहे. अशा गावात बाहेरून आलेल्या शिक्षकाला किंवा वाढत्या शेतकरी कुटुंबाला घर हवे असते. जुन्या गावठाणातील सागवानी खांबांचे, धाब्याचे, ऐसपैस ओट्याचे घर त्याच्या मनात भरते आणि त्याची ऐपतही असते. मग विचारपूस सुरू होते. एक भाऊ सुरतेला, दुसरा पुण्याला, पुतण्या अमेरिकेत. विकायला कोणाचाच नकार नसतो, पण विक्रीखतावर सर्वांच्या सह्या काही होत नाहीत!

ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पाहून इसार देणारे ग्राहक आजही भेटतात. तो उतारा कर आकारणीचा. मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याची सोय झाली, हे उत्तमच. परंतु ड्रोन सीमा दाखवितो, भावांचा अबोला मिटवीत नाही.

आणि बहिणींचे काय? २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्धपणे मान्य केला. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही हा पुष्कळ घरांत उपचार मानला जातो. कुटुंबव्यवस्थेचा गौरव करणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण तिला न विचारता तो गृहीत धरणे हा अन्यायच होय, आणि ग्राहकाच्या दृष्टीने भावी दाव्याचे बीजही.

धाब्याचे घर वाट पाहत नाही. पावसाळ्यापूर्वी वर खारी माती पडली नाही, तर पाणी मुरते, लाकडाला वाळवी लागते आणि चार-सहा वर्षांत विकण्याजोगी उरते ती केवळ जागा.

खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, दूरचे भाऊही शक्य तर येतात. वडीलधारे हयात असताना त्या चार दिवसांत ओट्यावर बसून घराचा विषय काढता येईल. कोणाला राहायचे आहे, कोणाला वाटा हवा आहे, विकायचे तर काय भावाने, हे बहिणींच्या देखत ठरावे. आणि सुटी संपण्याआधी सर्वांनी मिळून दुय्यम निबंधक कार्यालयाची एक फेरी करावी.